आकडा उतरल्यानंतर

पूर्ण दिवसांची शंभर बाळं घेतली, तर त्यांतली साधारण साठ पहिल्या आठवड्यात कमी-अधिक पिवळी होतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण ऐंशीच्या घरात जातं. बहुतेकांना यातून काहीही होत नाही. आठ-दहा दिवसांत रंग उतरतो, घरातली आजी ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणते आणि विषय मिटतो. तीव्र काविळीचा अभ्यास अवघड का आहे, याचं निम्मं उत्तर या आजीपाशीच आहे. तिचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरतं, म्हणून ज्या वेळी ते चुकतं त्या वेळी घरात कोणी घाईने उठत नाही. आणि खरं सांगायचं तर दवाखान्यातही नेहमी उठतंच असं नाही.

पिवळं होण्यामागचं गणित सरळ आहे. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन जपून वापरावा लागतो, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी मुबलक असतात. जन्मानंतर इतक्या पेशींची गरज उरत नाही, शिवाय त्यांचं आयुष्य मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा कमी असतं. त्या फुटतात आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. ते शरीराबाहेर टाकायचं तर आधी यकृताने त्यावर प्रक्रिया करून ते पाण्यात विरघळणारं करावं लागतं. हे काम करणारं एन्झाइम जन्माच्या वेळी प्रौढाच्या शेकडा एक इतक्याच क्षमतेने चालत असतं. त्यात आईचं दूध अजून नीट उतरलेलं नसलं, बाळाला शी कमी होत असली, तर आतड्यात पोहोचलेलं बिलिरुबिनही पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणून पातळी दोन-तीन दिवस चढत राहते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचते.

पाचव्या रात्री आपल्याकडे पाचवी पूजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते, अशी समजूत आहे. ही रात्र नेमकी बिलिरुबिनच्या चढाच्या दिवसांत पडते, हा योगायोगच. पण त्या रात्री बाळ कुठे असतं, याला मात्र वैद्यकीय महत्त्व आहे. साधं बाळंतपण झालं असेल तर अठ्ठेचाळीस तास दवाखान्यात राहावं अशी अपेक्षा असते आणि प्रत्यक्षात कितीतरी बाळंतिणी त्याआधीच घरी जातात. म्हणजे बिलिरुबिन चढायला लागतं तेव्हा आई आणि बाळ डॉक्टर-नर्सच्या नजरेआड गेलेले असतात. बाळंतिणीची खोली बंद, उजेड मंद, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. पिवळेपणा ओळखायला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही.

रक्तातलं बिलिरुबिन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं तोवर ते मेंदूत सहसा शिरत नाही. चिकटायला जागा उरली नाही, किंवा जंतुसंसर्गाने, श्वास अडल्याने, रक्तातली आम्लता वाढल्याने मेंदूचा बचाव दुबळा झाला, की सुटं बिलिरुबिन आत जातं आणि मेंदूच्या खोल भागातल्या ठरावीक केंद्रांवर बसतं. हालचालींवर ताबा ठेवणारी आणि ऐकण्याच्या मार्गावरची केंद्रं त्यात प्रामुख्याने सापडतात. मेलेल्या बाळांच्या मेंदूतले हे पिवळे ठिपके जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहानेस ऑर्थ यांनी १८७५ मध्येच नोंदवले होते. जिवंत बाळात त्याची चाहूल तशी साधीच असते. बाळ सुस्त पडतं, अंगावर नीट पीत नाही, हातपाय सैल सोडतं. ‘शांत बाळ आहे हो’ असं कौतुक होण्याचा हाच टप्पा. पुढे रडणं चिरकं होतं, मान मागे जाते, अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. त्यानंतर झटके, श्वास थांबणं. पहिल्या टप्प्यात नुकसान बरंचसं परतवता येतं, दुसऱ्यात कधी येतं कधी नाही. या दोन टप्प्यांमधलं अंतर कधी कधी काही तासांचंच असतं.

यातून जी मुलं वाचतात त्यांचं अपंगत्व वेगळ्याच तऱ्हेचं असतं. हातापायांच्या, चेहऱ्याच्या मनाविरुद्ध होणाऱ्या वळवळत्या हालचाली, बहिरेपण, नजर वर नेता न येणं, दुधाच्या दातांचं कच्चं एनॅमल. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत राहते. समोरचं सगळं कळणारं पण सांगू न शकणारं हे मूल शाळेच्या दारात ‘मतिमंद’ ठरतं. त्याच्या जुन्या कागदांवर सेरेब्रल पाल्सी एवढंच लिहिलेलं असतं आणि कारण विचारलं तर ‘जन्मताना गुदमरलं असेल’ असं मोघम उत्तर मिळतं. काविळीचा उल्लेख त्या फाइलमध्ये सापडलाच तर तो ‘कावीळ झाली होती, लाईटखाली ठेवलं, बरी झाली’ असा. बिलिरुबिनचा आकडा उतरला याचा अर्थ कावीळ बरी झाली, आणि कावीळ बरी झाली याचा अर्थ मूल बरं झालं, ही दोन गृहीतकं या विषयाच्या अभ्यासाला आजवर सगळ्यात जास्त नडली आहेत. पुढच्या पानांकडे वळण्याआधी या आकड्याची हकीकत त्यासाठीच थोडी सविस्तर सांगायला हवी.

हा आकडा म्हणजे वीस. रक्ताच्या दर डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅम बिलिरुबिन. १९४० च्या दशकात आरएच रक्तगटाचा शोध लागला आणि निगेटिव्ह आईच्या पॉझिटिव्ह बाळाचं रक्त का फुटतं, हे उलगडलं. बॉस्टनमध्ये लुई डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाळेच्या शिरेतून नळी घालून बाळाचं रक्त थोडं थोडं काढायचं आणि दात्याचं तितकंच भरायचं, ही रक्तबदलाची पद्धत रूढ केली. १९५२ मध्ये याच गटातून शिया, अॅलन, गेलिस आणि डायमंड यांचा अभ्यास आला. बिलिरुबिन जितकं जास्त, तितकं मेंदूला इजा होण्याचं प्रमाण जास्त, आणि पुन्हा पुन्हा रक्तबदल करून ते २० च्या खाली राखलं तर ती इजा जवळपास नाहीशी होते, असं त्यातून दिसलं. निष्कर्ष पक्का होता. पण तो आरएच विसंगतीने आजारी पडलेल्या, रक्त भराभर फुटत असलेल्या बाळांबद्दलचा होता. पुढच्या तीस वर्षांत तो हळूहळू सगळ्याच बाळांना लागू झाला. कारण सांगितलं तर हसू येईल, पण एक गोल आकडा हाताशी असला की माणसाला बरं वाटतं.

तो आकडा पुरेसा नाही हे मधल्या काळातच एका दुर्घटनेने दाखवलं होतं. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये विल्यम सिल्व्हरमन यांनी कमी दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या दोन औषधयोजनांची तुलना केली आणि ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. पेनिसिलिन आणि सल्फा औषध मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि शवविच्छेदनात त्या बाळांच्या मेंदूत पिवळे ठिपके दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी जास्त सापडले. त्यांची बिलिरुबिनची पातळी मात्र तुलनेने कमीच होती. सल्फाने अल्ब्युमिनवरची जागा बळकावून बिलिरुबिन मोकळं सोडलं होतं, याचा उलगडा काही वर्षांनी जेरार्ड ओडेल यांच्या कामातून झाला. दोन औषधांची सोडत काढून, शिस्तीत तुलना झाली नसती तर ही गोष्ट कधी लक्षात आली असती कोण जाणे. सल्फा त्या वेळी चांगल्या हेतूने, सर्रास दिलं जात होतं. नवजात बाळांवरच्या संशोधनाचा इतिहास वाचणाऱ्याने हे प्रकरण चुकवू नये.

आकड्याचा झोका पुढे दोन्ही बाजूंना गेला. १९८३ मध्ये वॉचको आणि ऑस्की यांनी डॉक्टरांच्या मनातल्या या विसाच्या भीतीची उघड टर उडवणारा लेख ‘पेडिअॅट्रिक्स’मध्ये लिहिला. १९९२ मध्ये न्यूमन आणि मेझल्स यांनी त्याच नियतकालिकात मांडलं की निरोगी, पूर्ण दिवसांच्या, रक्त न फुटणाऱ्या बाळांना आपण उगाच टोचतो आणि आईपासून दूर ठेवतो. मुद्दा रास्त होता. पण त्याच सुमारास अमेरिकेत बाळंतिणींना एक-दोन दिवसांत घरी पाठवण्याची रीत पडली आणि संपला असं वाटलेला आजार पुन्हा दिसू लागला. १९९२ ते २००४ या काळात तिथल्या ऐच्छिक नोंदवहीत मेंदूला इजा झालेल्या १२५ बाळांची नोंद झाली. ती जवळजवळ सगळी निरोगी म्हणून घरी पाठवलेली होती. २००४ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने बाळाचं वय तासांत मोजून, त्याचे धोके तपासून, उपचाराची पातळी ठरवणारे आलेख दिले. २०२२ मध्ये ते सुधारले तेव्हा पातळ्या थोड्या वर सरकवल्या, आणि सोबत रक्तबदलाच्या पातळीच्या दोन मिलिग्रॅम अलीकडेच सगळी यंत्रणा कामाला लावावी, अशी नवी पायरी घातली.

या सगळ्यात प्रकाशाची गोष्ट लोकांना पाठ असते, म्हणून ती झटपट. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना उघड्यावर उन्हात न्यायच्या. एका बाळाचं अंग फिकं झालं होतं, पण चादरीच्या टोकाखाली झाकलेला त्रिकोणी भाग पिवळाजर्द राहिला होता, ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांना दाखवली. पुढे खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन घटल्याचं आढळलं. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निळ्या प्रकाशाचा उपचार मांडला. अमेरिकेने तो मनावर घ्यायला दहा वर्षं घेतली. प्रकाश त्वचेखालच्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि बदललेला रेणू यकृताच्या प्रक्रियेची वाट न बघता बाहेर पडतो. उपाय इतका सुटसुटीत आहे की तो निरुपद्रवीच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. २००८ मध्ये १,९७४ अतिशय कमी वजनाच्या बाळांवरची अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली. पिवळेपणा दिसायच्या आतच प्रकाश सुरू केला तर मज्जासंस्थेची इजा ३० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली. पण ५०१ ते ७५० ग्रॅमच्या चिमुकल्यांत मृत्यू ३४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. तो फरक संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला उतरला नाही, तरी अतिशय नाजूक बाळावर प्रकाश टाकताना हात आखडता घ्यायला तो पुरेसा आहे.

आता ज्या दोन अभ्यासांमुळे हा विषय मला हाती घ्यावासा वाटला, त्यांच्याबद्दल. पहिला उत्तर कॅलिफोर्नियातला, न्यूमन आणि सहकाऱ्यांचा, २००६ चा. एका मोठ्या आरोग्यसंस्थेत जन्मलेल्या एक लाखाहून जास्त बाळांतून बिलिरुबिन २५ किंवा अधिक झालेली १४० बाळं त्यांनी शोधली आणि पाच वर्षांच्या वयापर्यंत त्यांच्या वाढीचा मागोवा घेतला. बुद्धी, हालचाल, वागणूक यांत ती इतर मुलांहून वेगळी निघाली नाहीत. बहुतेक सगळ्यांवर प्रकाशाचा उपचार झाला होता, रक्तबदल फक्त पाच जणांचा. दुसरा अभ्यास कैरो विद्यापीठाच्या बालरुग्णालयातला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथेही २५ किंवा अधिक पातळी असलेलीच बाळं, संख्या २४९. त्यांतल्या ४४ जणांत दाखल होतानाच मेंदूवर मध्यम किंवा तीव्र परिणाम दिसत होता.

आकडा तोच, तरी एकीकडे जवळजवळ काहीच नाही आणि दुसरीकडे सहा बाळांमागे एक. या तफावतीची कारणं दोन्ही अभ्यासांच्या पोटातच सापडतात. कैरोत आरएच विसंगती किंवा जंतुसंसर्ग असलेली बाळं कमी पातळीलाच कोसळत होती, आणि असं काही नसलेली बाळं बरीच वरची पातळी पचवत होती. कॅलिफोर्नियातही ज्यांच्या तांबड्या पेशींवर आईची प्रतिपिंडं चिकटलेली आढळली, त्या मोजक्या मुलांचे बुद्धीच्या चाचणीतले गुण कमी आले. म्हणजे बिलिरुबिन का वाढतं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. पण माझ्या मते यापेक्षा मोठं कारण वेळेचं आहे. कॅलिफोर्नियातल्या बाळाची पातळी २५ झाली तेव्हा ते दिव्याखाली होतं किंवा काही तासांत गेलं. कैरोतलं बाळ घरून किंवा दुसऱ्या दवाखान्यातून आलं, आणि येण्यापूर्वी किती तास त्या पातळीवर राहिलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रुग्णालयाचा अभ्यास दाखल झाल्याच्या तासापासून घड्याळ सुरू करतो. मेंदूवर बिलिरुबिनचा मारा त्याआधीच सुरू झालेला असतो.

आपल्याकडचा प्रश्न कॅलिफोर्नियापेक्षा कैरोच्या जवळचा आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात अतिदक्षता कक्षांत आज निळे दिवे आहेत. चेन्नईच्या कारखान्यात बनणारे एलईडीचे चांगले दिवे परदेशांतही जातात. २०११ पासून आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या, रक्त आणि गाडी मोफत मिळण्याचा हक्क आहे. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळ तपासण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगासमोर आले, आणि त्याच धर्तीवर आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी घरी येते. यांतल्या तिसऱ्या दिवसाच्या भेटीवर माझी सगळी भिस्त आहे. ती झाली, बाळाला खिडकीपाशी उजेडात आणून नाकावर, छातीवर, तळपायावर बोट दाबून पाहिलं, तर रस्त्यात जाणारे पुष्कळ तास वाचतील. तरीही डोळ्यांवर फार विसंबता येत नाही. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरतो हे क्रेमर यांनी (प्रकाशाच्या उपचाराचे क्रेमर वेगळे) १९६९ मध्ये मांडलं आणि ते खरंही आहे, पण सावळ्या त्वचेवर अनुभवी माणसाचा अंदाजही चुकतो. कपाळाला लावून पातळी सांगणारं यंत्र जपानने १९८० मध्येच दिलं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणं हा आता संशोधनाचा प्रश्न राहिलेला नाही, खरेदीचा आहे.

घरात काय घडतं याची नोंद अभ्यासांनी नीट केली पाहिजे. कोवळ्या उन्हात बाळ धरणं, आईचं पिवळं खाणं बंद करणं, गळ्यात काविळीची माळ घालणं. यांतलं ऊन वरवर शास्त्रीय वाटतं म्हणूनच घातक आहे, कारण पंधरा मिनिटांचं ऊन कमी पडतं आणि जास्त वेळ धरलं तर बाळ भाजतं किंवा गारठतं. नायजेरियात लागोसमध्ये स्लशर यांच्या गटाने अतिनील किरणं आणि उष्णता अडवणाऱ्या पारदर्शक प्लास्टिक फिल्मच्या मांडवाखाली बाळांना ठेवून ऊन दिलं, आणि २०१५ मध्ये दाखवलं की ते दिव्याच्या तोडीस तोड ठरतं. पण तिथे दर तासाला तापमान बघणारी नर्स होती. दुसरी गोष्ट डांबर गोळ्यांची. मोठ्या भावंडांची, आत्तेमामेभावंडांची झबली-टोपडी ट्रंकेत डांबर गोळ्या घालून जपलेली असतात आणि ती नव्या बाळाला न धुता चढवली जातात. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटू शकतात. पारशी समाजात आणि मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत ही कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. जन्मतःच तपासली तर आईला एवढंच सांगावं लागेल, की कपडे उकळून उन्हात वाळवा आणि गोळ्या घरात ठेवू नका.

परिणाम मोजण्याची बाजू मात्र सगळ्यात लंगडी आहे. काविळीने येणारं बहिरेपण कानातून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गावर असतं. कानाच्या आतला भाग बहुधा ठीक असतो. नवजात बाळांची श्रवणचाचणी म्हणून अनेक ठिकाणी जी झटपट होणारी ओएई चाचणी करतात, ती फक्त कानाचा आतला भाग तपासते. तीव्र काविळीचं बाळ त्यात पास होतं, आणि ऐकू मात्र येत नाही. त्याला पुढचा मार्गही तपासणारी बेरा चाचणीच हवी, आणि निदान तीन महिन्यांच्या वयाआधी व्हायला हवं. आता बीडच्या एखाद्या ऊसतोड कुटुंबात ऑक्टोबरात बाळंतपण झालेलं असावं. पाचव्या दिवशी बाळ रेफर झालं, तीन दिवस दिव्याखाली राहिलं, आकडा उतरला, डिस्चार्ज मिळाला. पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून दिली. त्या तारखेला ते कुटुंब कोल्हापूर, सांगली किंवा पलीकडे कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर असतं, आणि परत येतं तेव्हा हंगाम आटोपलेला, मूल बसायला लागायच्या वयाचं झालेलं. अभ्यासाच्या तक्त्यात या मुलापुढे ‘संपर्क तुटला’ असं लिहिलं जातं आणि टक्केवारी काढताना ते वगळलं जातं. वगळताना मनात धरलेलं असतं की जी मुलं आली आणि जी आली नाहीत, ती दोन्ही सारखीच असतील. फडावर गेलेल्या आणि शहरात राहिलेल्या बाळाला कावीळ ओळखली जाईपर्यंत लागलेले तास सारखे नव्हते, तर पुढचं सगळं सारखं कसं असेल? हंगामाच्या आधीच बेरा उरकणं, किंवा कारखान्याजवळच्या सिव्हिलमध्ये त्याची सोय लावणं, ही कामं संशोधकाच्या आराखड्यात पहिल्याच पानावर यायला हवीत.